केशर-आंबा, दिवस एकविसावा

मंडळी, मुरवणं ही एक विद्या आहे आणि अख्ख्या सिंगापुरात ती एकट्या आपल्यालाच साधली आहे, अशी पद्माकर जोगळेकरांची पक्की समजूत होती! क्लेमेंटीच्या आठव्या मजल्यावर त्यांच्या फ्लॅटमध्ये मिरचीचं लोणचं मुरत होतं, मोरावळा मुरत होता, आणि संजीवनीवहिनी म्हणायच्या, "तुआसच्या कारखान्यात सोळा वर्षं एकाच खुर्चीवर आमचे हेसुद्धा!"

रामनवमीनंतरच्या शनिवारी जोगळेकरांकडे कीर्तन ठरलं होतं. बुवा खास पुण्याहून येणार होते. जोगळेकर कीर्तनवेडे; पूर्वरंगात मान डोलायला लागली की आरतीलाच थांबायची. नैवेद्याला केशर-आंबा श्रीखंड करायचं होतं. पण दुकानातल्या इसेन्सच्या बाटलीवर बारीक अक्षरांत काय लिहिलेलं सापडलं? अल्कोहोल!

"रामरायाला दारू?" त्यांनी ती बाटली विंचू सोडावा तशी सोडली. "अगं, मी घरीच करतो इसेन्स! ग्लिसरीनमध्ये! शुद्ध शाकाहारी!"

"करा," वहिनी म्हणाल्या. त्या नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होत्या आणि नवऱ्याच्या उत्साहावर औषध नाही, हे त्यांना कामाच्या अनुभवानं ठाऊक होतं.

आता ग्लिसरीनमध्ये आंबा किती दिवस मुरवायचा? जोगळेकरांनी इंटरनेटवर शोध घेतला, आणि काय सांगू मंडळी, नेमका याच विषयाला वाहिलेला एक फोरम सापडला! शेकडो माणसं रात्रंदिवस तेवढंच बोलत होती. एक पंथ म्हणे, बाटली अंधाऱ्या कपाटात तीन आठवडे ठेवा, रोज हलवा, स्वाद कसा गोल होतो बघा. दुसरा पंथ म्हणे, काहीही होत नाही, तुमच्या नाकाला सवय होते इतकंच.

जोगळेकर पदर खोचून पहिल्या पंथात शिरले. खऱ्या नावानं! नावाखाली हुद्दा – सीनियर इंजिनिअर, तुआस! एकवीस दिवसांत त्यांनी एक्केचाळीस मतं मांडली. त्यातलं सर्वांत गाजलेलं मत असं: 'मुरवल्याशिवाय मजा नाही. सोळा वर्षांचा अनुभव आहे. तरुणांनी घाई करू नये!'

ड्रॉपरच्या सहा बाटल्या आल्या. त्यांवर फोरमच्या पद्धतीनं इंग्रजी लेबलं लागली – केशर-आंबा, ग्लिसरीनचं प्रमाण, दिवस पहिला, दिवस सातवा. रोज पूजा झाली की जोगळेकर कपाट उघडायचे, बाटल्या हलवायचे, हुंगायचे. पहिल्या आठवड्यात खोकल्याच्या औषधासारखा वास होता. पण एकविसाव्या दिवशी... अहाहा! केशर हळूच पुढे येऊन आंब्याच्या शेजारी मांडी घालून बसलं होतं.

"जाई! हे बघ, जग म्हणतं मुरत नाही. हुंग!"

चौदा वर्षांच्या जाईनं बाटलीकडे पाहिलं, बाबांच्या उघड्या लॅपटॉपकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पिठासारखा झाला.

"बाबा! धिस इज अ व्हेप फोरम लाह!" ती अस्सल सिंगापुरी हेलात किंचाळली.

"कसला फोरम?"

"व्हेप! ई-सिगारेट! त्यात घालायचं लिक्विड मुरवतात ते लोक! यू आर लाइक... फेमस देअर!"

जोगळेकर मटकन खाली बसले. इथे व्हेपिंगला बंदी! दंड! आणि परदेशी माणसाचा इथे राहून नोकरी करायचा पासही जाऊ शकतो! त्यांचा पास तर याच महिन्यात संपत होता. नूतनीकरणाचे कागद एचआरच्या मिस गोह यांच्या सहीसाठी पडून होते. पास गेला की नोकरी गेली, फ्लॅट गेला, जाईची शाळा गेली, चंबूगबाळं आवरून विमानात!

"अहो, त्यात निकोटिन नाही, काही नाही," वहिनी म्हणाल्या. "आंबा आहे. श्रीखंडात घाला आणि मोकळे व्हा."

"आणि माझी एक्केचाळीस मतं? ती पण श्रीखंडात घालू?"

त्यांनी घाईघाईनं फोरमवरचं खातं बंद केलं. लगेच उत्तर आलं: 'तुम्हाला निरोप देताना वाईट वाटतं. तुमची मतं मात्र इथे कायम राहतील.'

त्या दिवसापासून जोगळेकरांची दशा काय वर्णावी! लिफ्टमध्ये 'व्हेपिंग दिसल्यास कळवा' असा फलक होता. त्याच्याशी नजरानजर नको म्हणून ते आठ मजले जिन्यानं चढू लागले. दारावर टकटक झाली की छातीत मृदंग वाजायचा. एकदा तर पार्सलवाल्यालाच त्यांनी दोन्ही हात वर करून दार उघडलं!

"पिऊनच टाकतो सगळं," ते तिसऱ्या दिवशी म्हणाले. "पुरावाच राहणार नाही."

"इतकं ग्लिसरीन?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "प्या. मग पासची काळजी नको. तुम्ही बाथरूमच्या बाहेरच येणार नाही!"

शेवटी मार्ग जाईनंच सुचवला. कम्युनिटी क्लबात व्हेप टाकायच्या पेट्या असतात. टाका आणि चालू लागा, कोणी काही विचारत नाही. पण क्लेमेंटीतल्या पेटीत टाकलं आणि ओळखीच्या कोणी पाहिलं तर? म्हणून कीर्तनाच्या आदल्या शनिवारी जोगळेकर एमआरटीच्या गाडीनं बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, टॅम्पिनिसला गेले. टोपी, काळा गॉगल, मास्क. बाटल्या नैवेद्याच्या स्टीलच्या डब्यात, डबा पोटाशी. शेजारची बाई उठून दुसऱ्या डब्यात गेली.

पेटीजवळ लाल टी-शर्टातल्या एक स्वयंसेविका उभ्या होत्या. जोगळेकरांनी मान खाली घालून पाच बाटल्या टाकल्या. सहावी टाकणार, तोच...

"पॅडी?"

मंडळी, ऑफिसात पद्माकरचं 'पॅडी' करणाऱ्या त्या मिस गोह होत्या! राहायला टॅम्पिनिसला! जोगळेकरांनी नाक झाकलं होतं, डोळे झाकले होते. पण टोपीखालचं कपाळ उघडं होतं, आणि कपाळावर रोजचं ठसठशीत अष्टगंध!

"ओह, पॅडी! किती धीराचं काम केलंत!" मिस गोह म्हणाल्या.

"नो, नो! हे देवासाठी आहे!"

"प्रत्येकाचं काहीतरी कारण असतंच."

"मी फक्त वास घेतो!"

"रोज?"

जोगळेकरांना खोटं बोलता येईना. "रोज. पूजा झाली की."

"उपाशीपोटी!" मिस गोह यांनी तोंडावर हात ठेवला. "घरी माहीत आहे?"

"मुलीलासुद्धा हुंगायला दिलं," जोगळेकर म्हणाले, आणि म्हणताक्षणीच त्यांना जमिनीत शिरावंसं वाटलं.

सोमवारी एचआरचं बोलावणं आलं. जोगळेकर आत शिरले. मनात रामरक्षेचा तिसरा पाठ चालू होता.

"पॅडी, कंपनी तुमच्या पाठीशी आहे," मिस गोह म्हणाल्या. "दोन रस्ते आहेत. व्यसन नाही असं म्हणायचं असेल, तर चौकशी होईल, बाटल्या तपासायला जातील, दोन महिने लागतील."

"पण माझा पास तर वीस दिवसांत संपतो!"

"किंवा समुपदेशन. पहिल्या बैठकीचा चांगला शेरा आला, की मी लगेच सही करते. येत्या शनिवारी, पाच ते सात."

शनिवारी! पाच ते सात! म्हणजे नेमकी कीर्तनाची वेळ! जोगळेकरांच्या डोळ्यांपुढे बुवांची पगडी तरळली. मग जाईचा गणवेश तरळला. आयुष्यात सुपारीचं खांड न खाल्लेल्या माणसानं व्यसनमुक्तीच्या कागदावर सही केली.

शनिवारी गोल मांडलेल्या खुर्च्यांत विशीतली सहा पोरं बसली होती आणि सातवे होते जोगळेकर. समुपदेशक बाईंनी एकेकाला बोलतं करायला सुरुवात केली. तिकडे घरी वहिनींनी बुवांसमोर फोन उभा करून ठेवला होता. इकडे जोगळेकरांनी डाव्या कानात गुपचूप इअरफोन खुपसला होता.

आख्यान भरताच्या भेटीचं होतं. बुवांनी आवाज असा काही लावला... भरत रामाच्या पायावर कोसळला, पादुका मस्तकावर घेतल्या, आणि जोगळेकरांना आपण कुठे आहोत याचं भानच राहिलं नाही. आपल्या घरात राम आला आणि आपण परक्या खुर्चीत! डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. नेमका त्याच वेळी बाईंचा प्रश्न आला.

"मिस्टर पद्माकर, सांगा. आत्ता मनात काय दाटून येतंय?"

"मी..." त्यांनी हुंदका दिला. "मी आज घरी असायला हवा होतो!"

शेजारचा केस रंगवलेला पोरगा रडायला लागला. त्यानं आपल्या आईला फोन लावला. मग दुसऱ्यानं लावला. बाईंनी स्वतःचा चष्मा पुसला आणि फाइलीत भराभरा लिहिलं.

मंगळवारी मिस गोह यांची सही झाली. पुढच्या आठवड्यात पास आला, तोही पूर्ण मुदतीचा! वहिनींनी देवापुढे साखर ठेवली, जोगळेकरांनी साष्टांग नमस्कार घातला. मग त्यांनी पाकिटातून आलेला तो शेरा चष्मा लावून वाचला:

'अत्यंत खोल पश्चात्ताप. इतर रुग्णांवर उत्तम परिणाम. पुढील वर्षभर, दर शनिवारी, पाच ते सात, यांना अवश्य पाठवावे.'