संपलेल्या पेनची सही

गोंडपिपरीला तहसील कचेरीसमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, पेन मागतं, चिटोऱ्यावर गिरगटून बघतं आणि उमटला तर घेतं. हबीबभाऊ एकटेच असे, की पेन उमटला तर परत करायचे.

"बाई, हा तर चालते!" तक्रार असल्यासारखं म्हणायचे. "मले संपलेला पायजे. एकदम कोरडा ठाक."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, माणसाच्या डोक्यावर ऊन चढलं. आमच्याकडच्या मे महिन्यात ते कोणाच्याही चढतं. पण हे महाशय डिसेंबरातही संपलेलाच पेन मागायचे. शेवटी मी काउंटरखाली एक डबाच ठेवला. पोरं संपलेल्या रिफिली त्यात टाकायची आणि भाऊ दर बाजाराच्या दिवशी येऊन आंबे निवडल्यासारख्या त्या निवडून न्यायचे.

माझ्या दुकानाला लागूनच त्यांचं टायपिंगचं दुकान. आता टाइप करून कोण घेतं? मशीनवर त्यांची टोपी टांगलेली असते. पण कार्बन पेपरचे गठ्ठे उरले होते, आणि त्या कार्बनवर भाऊंनी नवं काम सुरू केलं. धंदा म्हणता येत नाही, कारण मोबदला म्हणजे एक कप चहा, तोही बिनसाखरेचा.

काम असं. आमच्या भागात पुष्कळ गोष्टी आज ठरवायच्या आणि नंतर जाहीर करायच्या असतात. बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, मासोळी यंदा कोणाला द्यायची, बांधावरच्या मोहाची फुलं कोणत्या घरानं वेचायची, असलं काहीबाही. ज्यानं त्यानं आपलं म्हणणं कागदावर लिहायचं, लिफाफ्यात बंद करायचं, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायचं. पण मधल्या काळात आतला कागद कोणी बदलला तर? लिफाफ्याला काय, चहाच्या वाफेवर धरला की सुटतो. मला कसं माहीत ते विचारू नका.

म्हणून भाऊ घडी केलेल्या कागदावर कार्बन ठेवायचे, दोन्ही लिफाफ्यात सरकवायचे आणि डिंकानं तोंड बंद करायचे. मग तो संपलेला पेन घेऊन बंद लिफाफ्यावर अशी दाबून सही करायचे, की टेबल करकरायचं. वर शाईचा ठिपका नाही, आत कागदाच्या घडीवर मात्र सही हजर! उघडायच्या दिवशी आधी घडीवरची सही बघायची. असली तरच घडी उलगडायची. नसली तर कागद बदललेला समजायचा आणि न वाचता चुलीत. कोर्टात याला कोणी विचारणार नाही, पण गावोगाव हाच कायदा होता.

आता मला सांगा, ज्याच्या हातून अर्ध्या तालुक्याची गुपितं जातात, त्या माणसानं निदान एका डोळ्यानं तरी आत बघावं की नाही? छे! कागद हातात आला की भाऊ मान वर करून पंख्याकडे बघत. बोटांनीच सगळं करत. कोणी बोलायला लागलं, "भाऊ, मी याच्यात असं लिवलं हाय," की दोन्ही कानांवर हात.

"आतलं आतच राहू द्या जी! मले काऊन सांगून राह्यले?"

हे त्यांचं पालुपद. घरीसुद्धा तेच. त्यांच्या लग्नात आलेली दोन खोकी अजून कपाटावर रंगीत कागदासकट बसली आहेत. बायको होती तोवर बिचारी म्हणायची, "अजी, एक तो खोलो!" हे म्हणायचे, "खोलली की फक्त कपबशा निघतीन. बंद हाय तवरक काहीही असू शकते." टरबूज घेताना काप काढू देत नसत. घरी जाऊन पांढरं निघालं की मीठ लावून खात, पण दुकानदाराला नावं ठेवत नसत.

आणि यांच्या शेजारी देवानं मला बसवलं. माझा स्वभाव असा, की समोरून कोणी पिशवी घेऊन गेलं तरी आत वांगी आहेत की दोडके, हे कळल्याशिवाय मला घास उतरत नाही. एकदा भाऊ नमाजाला गेले असताना मी एक लिफाफा उचलून बल्बसमोर धरला. आत कार्बन! काळाकुट्ट अंधार. परत येऊन त्यांनी लिफाफा चाचपला आणि म्हणाले, "गरम लागून राह्यला जी. ताप आला वाट्टे याले." मी दिवसभर त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्यांच्या कामात चूक म्हणून नव्हती. कार्बनला शाई एकाच बाजूला असते. उलटा लागला तर सही कागदावर न उमटता लिफाफ्याच्या आतल्या अंगाला उमटते. म्हणून प्रत्येक वेळी भाऊ कार्बनवर डावा अंगठा घासत. अंगठा निळा झाला, की ती बाजू कागदाकडे. त्यांचा अंगठा इतकी वर्षं निळा आहे, की मतदान केंद्रावर दरवेळी वाद व्हायचा.

तर असे हे हबीबभाऊ, आणि त्यांच्याकडे एका सकाळी जंगलातल्या एका गावाहून चैतीबाई आली. सोबत तिचे दोन मुलगे, मोठा मंगरू आणि धाकटा लालसू, आणि गावचे भूमिया, म्हणजे त्यांच्या गोंड समाजाचे म्हातारे प्रमुख. बाप वारला होता आणि भावांची वाटणी चालली होती. शेत वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली, कुठे ब्र निघाला नाही. अडलं आईपाशी. लोक आईबापाला ढकलायला भांडतात, हे दोघं ओढायला भांडत होते!

"माय माह्यापाशी राह्यन," मंगरू म्हणाला.

"काऊन? मी का मेलो हाव का?" लालसू म्हणाला.

भूमियांनी सांगितलं, की आता म्हातारीनंच ठरवावं. ती तोंडानं काही बोलेना. म्हणून ठरलं, की तिनं कागदावर रेघ ओढायची. मोठ्याकडे जायचं तर एक, धाकट्याकडे तर दोन. लालसूचं नवं घर शाकारून झालं की लिफाफा उघडायचा, आणि मग जन्मभर तिथंच राहायचं. जो हरेल त्यानं तिला परत बोलवायचं नाही, तिनंही त्याच्या दारात मुक्कामाला जायचं नाही. रागाच्या भरात दोघांनी आपापल्या तोंडानं ही अट घातली होती.

मुलगे बाहेर थांबले. मी डिंक द्यायचं निमित्त करून आत घुसले. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली, बराच वेळ पेन धरून बसली, मग काहीतरी ओढलं आणि घडी केली. मी मान लांब करून करून बघितलं, पण एक की दोन, काही दिसलं नाही. भाऊंनी कागद घेतला, अंगठा घासला, लिफाफा बंद केला, सही केली. टेबल करकरलं.

त्यानंतर माझे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. एक की दोन? भाजी फोडणीला टाकतानाही एक की दोन!

उघडायच्या दिवशी साक्षीदाराला गावी जावं लागतं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं असतं. मी दुकान बंद करून भाऊंच्या लुनावर मागे बसले. गावात मांडव घातलेला, कोंबडा शिजत होता. मंगरू एका टोकाला, लालसू दुसऱ्या टोकाला, दोघांच्याही तोंडचं पाणी पळालेलं. चैतीबाई मधल्या खांबाला टेकून बसली होती. भूमियांनी लिफाफा फाडला आणि घडी उन्हात धरली. मग पालटली. परत पालटली.

सही नव्हती!

एकच गलका झाला. भाऊ उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "कागद तोच हाय जी. कोणी बदलला नाई. कार्बन माह्याच हातानं उलटा लागला. गलती माही."

"पण सही नाई तर नाई," भूमिया म्हणाले आणि घडी तशीच चुलीत टाकली. माझा जीव तिच्यामागे चुलीत गेला. पुन्हा रेघ ओढायला म्हातारी तयार होईना, आणि मघाशी हरायच्या भीतीनं पांढरे पडलेले दोघं भाऊही तिला आग्रह करेनात. शेवटी मंगरूच म्हणाला, "राहू दे. धानाच्या वक्ताला माह्यापाशी, मोहाच्या वक्ताला त्याच्यापाशी. मधात तिले वाट्टे तिकडं." लालसू लगेच हो म्हणाला. चैतीबाईनं पदर तोंडाला लावला. मग सगळे कोंबड्यावर तुटून पडले.

भाऊंचं मात्र वाटोळं झालं. 'हबीबभाऊचा कार्बन' म्हणजे तालुक्यात थट्टेचा विषय झाला. कोणाचं काम बिघडलं की चहाच्या टपरीवर लोक म्हणत, "काऊन बे, हबीबभाऊकडून करून आणलं का?" लिफाफे यायचे बंद झाले. भाऊ टोपी टांगलेल्या मशीनसमोर नुसते बसून असत. मला भयंकर राग यायचा. ज्यांचे तंटे यांनी फुकटात मिटवले, तेच फिदीफिदी हसत होते.

आता तो फाटका लिफाफा मी मांडवातून उचलून आणला होता, हे सांगायला नकोच. एक दिवस मी तो त्यांच्यापुढे ठेवला. आतल्या अंगाला उलटी सही, ठसठशीत.

"एवढ्या वर्षांत नाई झालं ते त्याच दिवशी कसं झालं जी? अंगठा घासायले विसरले का?"

भाऊ अंगठ्याकडे बघत म्हणाले, "अंगठा तर घासला होता, बाई."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम उलटा लावला? आणि ते पंख्याकडं पाहणं?"

"त्या दिवशी नाई पाह्यलं पंख्याकडं. कागद देताना तिचं तोंड कसं झालं होतं, पाह्यलं नाई का तुम्ही?"

मी कागदच बघत होते. एक की दोन.

"एक पोरगा तोडून देऊन राह्यली होती ती माह्या हातात," भाऊ म्हणाले. "कोणता, ते मले काय कराचं? दोघं मांगून राह्यले तिले, बाई. दोघं! नशीब लागते त्याले." मग म्हणाले, "माह्ये पोट्टे पाहा. बल्लारपूरचा म्हणते, अब्बा, नागपूरले भाईकडं जा, तिकडं डॉक्टर चांगले. नागपूरचा म्हणते, अब्बा, बल्लारपूरच बरं, गाव जवळ पडते." आणि हसले. ते हसू मला बघवेना. मी "दुकानात गिऱ्हाईक आलं" म्हणून उठले. गिऱ्हाईक कुठलं, दुकान रिकामं होतं.

पुढच्या बाजाराला चैतीबाई आली. दोन्ही मुलगे सोबत, तिची एक पिशवी दोघं दोन बंदांनी धरून चालत होते. तिनं पळसाच्या पानांत बांधलेलं गाठोडं भाऊंच्या टेबलावर ठेवलं आणि गेली. मी लगेच विचारलं, "काय हाय जी?" भाऊ म्हणाले, "आतलं आतच राहू द्या." तिसऱ्या दिवशी टेबलाला मुंग्यांची रांग लागली, तेव्हा कळलं, मध होता!

मुंग्या झाडून झाल्यावर मी दुकानात गेले. एक कोरा कागद घेतला, घडी केली, नवा लिफाफा घेतला आणि भाऊंसमोर जाऊन उभी राहिले.

"सही पायजे. साक्षीदाराची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पंख्याकडे मान केली, अंगठा घासला, कार्बन सरकवला, डिंक लावला आणि डब्यातला सगळ्यात कोरडा पेन काढून सही केली. कितीतरी दिवसांनी ते टेबल करकरलं.

"उघडाचा कवा?"

"ईदले. तुमच्या घरी. शीरखुर्मा तुम्ही करा, पुऱ्या मी आणते. साक्षीदार म्हटल्यावर जेवण सोबतच करा लागते."

भाऊ लिफाफा हातात धरून बसले. उलटापालटा केला. बोटांनी चाचपला. आणि मग, उभ्या आयुष्यात जे कोणाला विचारलं नव्हतं ते त्यांनी मला विचारलं.

"आत काय हाय, बाई?"

मी त्यांच्या हातातून लिफाफा काढून घेतला आणि म्हटलं, "आतलं आतच राहू द्या जी."