खसखशीएवढ्या पंपाची खंडेनवमी

यंत्राची पूजा कशी करावी, हे अख्ख्या उद्यमनगरात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. लोक म्हणजे आमच्या वर्कशॉपमधला कारागीर गौसभाई. पण तो एकटाच दहा जणांच्या आवाजात बोलतो, त्यामुळं लोक म्हणायला हरकत नाही.

खंडेनवमीचं वेड मला आबांनी लावलं. आबा म्हणजे माझे वडील. त्या दिवशी सगळी यंत्रं डिझेलनं पुसून लख्ख करायची, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. यंत्रांना सुट्टी आणि आम्हा पोरांना खिसे भरून चिरमुरे-बत्तासे! डिझेल, झेंडू आणि ओलं खोबरं यांचा मिळून एक वास यायचा. तो वास आला की आजही मी साठीतला म्हातारा राहत नाही, हाफ चड्डीत जातो.

आबांनी स्वतःच्या हातानं बनवलेलं पहिलं ऑइल इंजिन अजून वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभं आहे. असल्या इंजिनांनी गावोगावच्या विहिरींचं पाणी वर काढलं. टुक् टुक् आवाज ऐकून आबा सांगायचे, "हे आपलं न्हवं, शेजारच्याचं हाय." पुढं काचबिंदूनं त्यांची नजर गेली. तरी खंडेनवमीला माझ्या पुतणीचं बोट धरून यायचे आणि प्रत्येक यंत्रावर हात फिरवायचे. पुतणी तेव्हा एवढीशी होती. संयोगिता तिचं नाव.

तीच संयोगिता आता यंत्रं बनवते. पण कसली? दिसत नाहीत असली! शिकून आली आणि माझ्या वर्कशॉपच्या अर्ध्या भागात काचेची खोली बांधून बसली. लेथ नाही, छिन्नी नाही, उजेडानं कोरतात म्हणे. पहिलं यंत्र दाखवलं तेव्हा काचपट्टीवर धूळ दिसली म्हणून मी फुंकर मारायला गेलो. ती धूळ म्हणजेच यंत्र!

खसखशीच्या दाण्याहून लहान पंप. काचबिंदूत डोळ्यात पाणी साचून दाब वाढतो ना, ते जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारा. आजोबांनी विहिरीतलं पाणी काढलं, नात डोळ्यातलं काढणार! मला तर हे लोकांना सांगतानाच भरून येतं. पण तसले पंप ढीगभर बनवले तरी आजवर एकच नीट चालला होता. तो बघायला पुण्याच्या कंपनीच्या प्रियदर्शनी मॅडम येणार होत्या, आणि नेमक्या खंडेनवमीलाच. त्यांना पसंत पडला तर काम इथंच सुरू राहणार. नाहीतर संयोगिताला बेंगळुरूची नोकरी तयार होती. बॅगसुद्धा अर्धी भरून ठेवलेली. ती बॅग दिसली की मला जेवण जायचं नाही.

सकाळी ती निघताना म्हणाली, "काका, मी स्टेशनवरनं मॅडमना घेऊन येतो. काचेच्या खोलीत पाय टाकायचा न्हाई!"

"न्हाई गं बाई!"

आणि मी खरंच टाकणार नव्हतो. पण सगळ्या यंत्रांना माळा घातल्या, आणि काचेपलीकडं तो बिचारा पंप तेवढा बिनकुंकवाचा राहिला! आबांच्या वर्कशॉपात यंत्र आणि पूजेविना? तेही ज्याच्यावर पोरीचं सगळं नशीब टांगलंय ते?

"गौसभाई, जाऊ का आत?"

"जावा की मालक! देवाच्या कामाला कोण नको म्हणतंय?" गौसभाई म्हणाला. सल्ला द्यायला त्याला कधीच वेळ लागत नाही.

डोक्याला टोपी, पायात पिशव्या घालून, हातात पूजेचं ताट घेऊन मी आत शिरलो. मायक्रोस्कोपमधून बघितलं. अहाहा! केवढं देखणं चाक! एकेक दाता मोजून घ्यावा! मी झाकण काढलं आणि अगदी हलक्या हातानं, म्हणजे मला हलक्या वाटलेल्या हातानं, कुंकू टेकवलं. मायक्रोस्कोपलाही दुसऱ्या बोटानं लावलं, तेही यंत्रच की! वरच्या भिंगावर जागा छान गोल होती. मग बाहेर आलो, राहिलेली पूजा उरकली, गौसभाईला कुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारच्या फौंड्रीचे हंबीरराव प्रसादाला आले, त्यांनाही लावलं.

सहज म्हणून पुन्हा पंपाचं दर्शन घ्यायला गेलो. बघतो तर सगळं लालभडक!

"गौसभाई, पंप तापला रे!"

गौसभाईनं येऊन भिंग पुसलं. लाली गेली. आता काचपट्टीवर कुंकवाचे मोठमोठे धोंडे दिसले. धोंडेच धोंडे! पंप नाही!

कुंकवाच्या बोटाला चिकटून पंप गेला होता. आणि त्याच बोटानं मी...

"गौसभाई, कपाळाला हात लावू नको!"

"का? काय झालं?"

"तुझ्या कपाळावर पंप हाय!"

गौसभाई जागच्या जागी पुतळा झाला. त्याला टेबलावर आडवा केला, कपाळ मायक्रोस्कोपखाली घेतलं. सुरकुत्या दिसल्या, घाम दिसला, पंप नाही. म्हणजे हंबीरराव! पण ते घरी गेलेले. फोन लावला.

"हंबीरराव, कपाळ पुसलं न्हाई न्हवं?"

"न्हाई. का हो, बाळासो?"

"पुसू नका! वारं लागू देऊ नका! हाय तसं इकडं या!"

"अहो, पण कपाळावर हाय काय माझ्या?"

"पोरीचं नशीब हाय!" मी ओरडलो आणि फोन ठेवला.

हंबीरराव आले ते कपाळावर जेवणाच्या डब्याचं झाकण धरून. मागोमाग त्यांची बायको, डोळ्याला पदर लावलेली. त्यांना वाटलं, डॉक्टरांचा काही रिपोर्ट आला! हंबीररावांना टक्कल असल्यामुळं त्यांचं कपाळ भुवईवर सुरू होतं आणि मानेवर संपतं. तेवढं सगळं तपासायचं म्हणजे एक पंचवार्षिक योजनाच! आम्ही त्यांना टेबलावर झोपवलं. "डोळे मिटा, हलू नका, बोलू नका." गौसभाईनं बॅटरी धरली, मी भिंगाला डोळा लावला.

आणि दार उघडलं. संयोगिता आणि प्रियदर्शनी मॅडम!

मॅडमनी टेबलावरच्या हंबीररावांकडं बघितलं, रडणाऱ्या वहिनींकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "पेशंटवर चाचण्या सुरू केल्यात का तुम्ही?"

संयोगितानं काचपट्टीवरचं कुंकू बघितलं. मग माझं बोट बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा नुसता उतरला. मला ती अर्धी भरलेली बॅग दिसायला लागली.

"काका," ती म्हणाली, "पंपाला कुंकू लावल्यावर बोट पहिल्यांदा कुठं टेकवलंसा?"

"गौसभाईच्या कपाळावर."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी कुठंच न्हाई. यंत्रांची पूजा आधीच झालती. मग नुसतं आबांना..."

मी थांबलो. ती पण थांबली. दोघांनी एकदमच कोपऱ्याकडं बघितलं.

दरवर्षी सगळ्यांत शेवटी मी इंजिनाच्या चाकावर, जिथं धरून आबा ते फिरवायचे तिथं, कुंकू लावतो. नकळत लावतो. पूजा म्हणून ते माझ्या ध्यानातच राहत नाही, कारण त्या इंजिनाला मी यंत्रात धरतच नाही. ते आबाच.

संयोगिता भिंग घेऊन इंजिनासमोर गुडघ्यांवर बसली. बराच वेळ बसली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हितं हाय. आबांनी धरून ठेवलाय."

कुंकवात अडकलेला तो कण तिनं चिमट्यानं उचलला, धुतला, पुन्हा धुतला, बारीक तारा जोडल्या.

"आज पूजा झालीया," माझ्या तोंडून गेलं, "पूजा झालेलं यंत्र आज चालवत न्हाईत."

"काका!"

मी तोंड मिटलं. तिनं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मॅडम भिंगातून बघत होत्या. आणि त्या हसल्या!

"फिरतोय," त्या म्हणाल्या. "ग्रीस, कुंकू आणि काका, एवढ्यातून वाचला म्हणजे डोळ्यात नक्की टिकेल. असे आणखी बनवा. इथंच बनवा."

मी आत वाकून बघितलं. चाक फिरत होतं, आवाज अजिबात नव्हता. पण खरं सांगतो, मला टुक् टुक् ऐकू आलं. संयोगितानं माझा हात धरला, आबांचा धरायची तसा. दोघांचेही डोळे भरले. त्या पाण्यावर पंपाचा काही उपयोग नव्हता.

मग चहा आला, बत्तासे वाटले, मॅडमना आबांच्या गोष्टी सांगितल्या. वहिनी पण डोळे पुसून चिरमुऱ्यांना बसल्या. गौसभाईनं इंजिनाला दुसरी माळ घातली. गप्पा अशा रंगल्या म्हणता!

तेवढ्यात टेबलावरून, डोळे घट्ट मिटलेल्या अवस्थेत, हंबीररावांचा बारीक आवाज आला.

"बाळासो... सापडलं का हो? का मी असाच पडू?"