आगवाल्याच्या घरची धुरी

रांजणाच्या तोंडावरचं गोणपाट फिरोजाने उचललं, आत डोकावून पाहिलं आणि मटकन खाली बसली. "विझली! मां, परत विझली धुरी!"

दिघीच्या खाडीकाठी, तिच्या नवऱ्याच्या, खलीलच्या परसात, बूड फुटलेला तो रांजण एका खड्ड्यावर उभा केला होता. आत आडव्या कांबीला बकरी ईदच्या मटणाच्या मीठ-हळद चोळलेल्या पट्ट्या लोंबत होत्या. खड्ड्यातली धुरी सलग तीन दिवस टिकली, तर मटण पुढे महिनोन् महिने टिकायचं. गेल्या साली धुरी दीड दिवसातच आटोपली होती आणि बोट एडनच्या पुढे गेल्यावर मटणाला वास सुटला, असं खलील सांगत आला होता. यंदा त्याची सुट्टी संपायला पाच दिवस उरले होते. ह्याही साली नवऱ्याचं मटण नासलं तर काय, हा एकच घोर फिरोजाला लागला होता.

आंब्याचं सुकं लाकूड तासाभरात भडकून गेलं. ओलं घातलं तर ते चुरचुरून विझलं.

"आता काय घालू, मां?"

"माझं डोकं घाल," ओट्यावरून सासू, जहुरा, म्हणाली. "दुवा मागायला बसले की खोकलाच येतो. अल्ला काय ऐकत असंल कोण जाणे!"

शेवटी कुंपणापलीकडून शेजारची ठमाबाई कळवळली. "गो, लाकूड जाळू नको, दमव त्याला! निखाऱ्यावर नारळाची दमट सोडणं टाक आन् वरून भाताचा तूस दाबून बसव. गोठ्यात डासांसाठी आमी तसंच करतो. सकाळी घातलं की सांज होते."

खरंच, सांज झाली. सोडणांच्या दमट काथ्यातून निळा, जाड धूर संथपणे निघत राहिला. फिरोजा त्याच्यापाशीच बसली. अर्ध्या अर्ध्या तासाने मूठभर तूस टाकायचा आणि डोळे पुसायचे.

खलील मोठ्या बोटीवर आगवाला होता. बॉयलरमध्ये कोळसा मारायचा. धूर पाहून तो अस्वस्थ झाला. "केवढा धूर गो! बोटीवर एवढा निघाला तर साहेब मला चिमणीत कोंबील."

"इथली साहेब मी हाय. हात लावायचा न्हाय."

"बरं, मग माझ्याजवळ जरा बस तरी."

"बसेन ना. एवढी धुरी लागू दे."

तिसऱ्या दुपारी फिरोजाला दाराशीच डुलकी लागली. खलील परसात आला. समोर धूर, हातात काठी. त्याने तूस उकरला, राख बाजूला ओढली, वाऱ्याला वाट केली आणि चार सुकी लाकडं सारली. आग अशी लखलखीत पेटली की बोटीवर बक्षीसच मिळालं असतं.

चरबी तडतडण्याच्या आवाजाने फिरोजा धडपडत उठली.

"बघ," खलील अभिमानाने म्हणाला, "एक रेघ धूर न्हाय!"

तिने एक पट्टी ओढून पाहिली, ती आरपार भाजली होती. जहुरा मात्र नाक वर करून म्हणाली, "वास फर्मास येतोय हां."

भाजलेलं मटण टिकणार किती? तांदळाच्या भाकऱ्या थापल्या गेल्या आणि दोन दिवसांत कांबी रिकामी झाली. सगळ्यात जास्त खलीलनेच हाणलं.

धक्क्यावर निरोप देताना फिरोजाने विचारलं, "आता एडनपुढं काय खाल तुमी?"

खलील घुटमळला. "ते मी कधी खाल्लंच न्हाय गो. बारा महिने धुरातच असतो, वर जेवणालाही धूर? सारंगाला द्यायचो." सारंग म्हणजे बोटीवरच्या सगळ्या आगवाल्यांचा मुकादम. "तो खूश झाला की दर सालाला सुट्टी. गेल्या साली वास आला तेव्हा कसाबसा मनवला त्याला."

"आन् आगीत हात घालताना हे सुचलं न्हाय?"

"धूर दिसला की हात आपसूक चालतो," खलील ओशाळून म्हणाला. होडीवाल्याने हाक मारली आणि तो गेला.

आपली सुट्टी त्याने आपल्याच हाताने भाजून, भाकरीबरोबर खाल्ली होती. त्यानंतर तो घरी आला तो तिसऱ्या सालच्या ईदला. उंबऱ्यातच त्याने विचारलं, "धुरी लावलीस?"

"लावली. तुमी परसात पाय ठेवायचा न्हाय."

त्याने खरंच ठेवला नाही. तीन दिवस धूर एकदाही तुटला नाही, मटण झकास साधलं. फिरोजा रांजणापाशी बसून होती आणि खलील पुढच्या ओट्यावर, एकटाच.