मोगरा बंगल्यातलं व्हार्निश

गिरगावातला मोगरा बंगला रविवारी पुन्हा लोकांना पाहायला खुला व्हायचा होता, आणि शनिवारी दुपारी त्याचे व्यवस्थापक चिंतामणीकाका दिवाणखान्यातल्या शिसवी खुर्चीला चिकटून बसले होते.

जुन्या वास्तूंच्या डागडुजीचं शिक्षण घेतलेली उर्मिला सकाळी बजावून गेली होती, "काका, फर्निचरला हात लावू नका हं. पॉलिश मी आल्यावर." पण काका कुठल्याच कामाला कधी बिचकले नव्हते. नाक्यावरून व्हार्निशचा डबा आणून त्यांनी खुर्चीवर सढळ हात फिरवला. जेवून आल्यावर बोट लावून पाहिलं. कोरडं! मग ऐटीत बसून पेपर वाचला, आणि उठायला गेले तर खुर्चीही उठली.

तेवढ्यात दारात ट्रस्टच्या अध्यक्ष पद्मजाबाई. गळक्या छपराचं काम त्यांच्याच होकारासाठी अडलं होतं.

"मी आलेय आणि तुम्ही बसूनच?"

"बाई, या दिवाणखान्याची रीतच तशी," काका तसूभरही डगमगले नाहीत. "इथे कुणी उभं राहत नाही. बसा ना!"

बाई समोरच्या बाकावर टेकल्या. मग काकांना आठवलं, उरलेलं व्हार्निश वाया जाऊ नये म्हणून बाकालाही…

"अहो, हे काय चिकटतंय?"

"व्हार्निश. पण एक नंबर क्वालिटी."

आता बाईंना उठता येईना. बसल्या बसल्या छत तेवढं दिसत होतं. बघता बघता वरून ओला पोपडा सुटला आणि थेट त्यांच्या मांडीवर पडला.

"हे रोज पडतं?"

"छे! रोज नाही. पाहुणे आले की."

बाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि कंत्राटदाराला फर्मावलं, "छपराचं काम लगेच घ्या. हो, मी स्वतः बसून पाहिलंय!"

संध्याकाळी उर्मिलाने कपाळावर हात मारला आणि टर्पेंटाइन लावून दोघांना सोडवलं. काकांची पँट कामातून गेली. बाकावर मात्र बाईंच्या साडीच्या काठाची कोयरी-वेल सुबक उमटली होती. उर्मिला पुसायला गेली, तर पद्मजाबाईंनी तिचा हात धरला. "राहू दे गं."

रविवारी झुंबड उडाली. बेल्जियमचे आरसे सोडून सगळे बाकाभोवती.

"काय नक्षी आहे! कुणी केली हो?" एकाने विचारलं.

काकांनी घसा खाकरला, पण पद्मजाबाईच पुढे झाल्या. "हात नका लावू," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "नाजूक काम आहे. तासन्‌तास बसून केलंय."