एक फेरी मंजूर

घाटकोपरच्या पुनर्वसन इमारत क्रमांक सात-बची लिफ्ट चौदा महिन्यांपूर्वी बंद पडली आणि त्याच महिन्यापासून इमारतीच्या सामाईक वीजवापरात लक्षणीय सुधारणा झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे इमारतीतल्या बालवाडीलाही कळत होतं. पण ऊर्जा बचत कक्षात बालवाडीची भरती होत नाही. तिथून सोसायटीचे सेक्रेटरी सहदेव पराडकर यांना पत्र आलं: आपली इमारत उपनगरातील सर्वाधिक ऊर्जा-कार्यक्षम परवडणारी इमारत ठरली असून आपले अभिनंदन करण्यात येत आहे.

सहदेवांनी पत्र दोनदा वाचलं. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पवईच्या एका टॉवरमध्ये बावीस वर्षं लिफ्टमनची नोकरी केली होती. परक्यांना वर-खाली नेण्यात जन्म गेला आणि आता स्वतःची बायको सातव्या मजल्यावरून खाली आणता येत नव्हती. शेवंतीचे दोन्ही गुडघे गेलेले, जिना डॉक्टरांनी बंद केलेला. खुर्चीत बसवून उतरवायचा एक प्रयत्न सहाव्या मजल्याच्या वळणावर अडकून सोडून द्यावा लागला होता. अकरा महिने तिचा पाय जमिनीला लागला नव्हता. आणि येत्या रविवारी मुलुंडला त्यांच्या लेकीच्या, अपूर्वाच्या मुलीचं बारसं होतं. पहिली नात.

"नऊ अर्ज केलंय लिफ्टीसाठी," सहदेव म्हणाले. "आता बक्षीस दिल्यानी म्हटल्यार आयकतले."

"माका आयतवारी मुलुंडाक पोचवा," शेवंती म्हणाली. "मगे बक्षीस मिरवा."

ऊर्जा बचत कक्षात कार्यक्षमता अधिकारी श्यामसुंदर सबनीस यांनी सहदेवांना चहा पाजला. सरकारी कचेरीत चहा मिळाला की समजावं, काम होणार नाही.

"साहेब, खरं सांगतो," सहदेव म्हणाले. "वीज वाचली, कारण लिफ्ट बंद आहे."

सबनीसांनी उठून दार लोटून घेतलं. "बंद म्हणू नका, पराडकर. उद्वाहन विश्रांती अवस्थेत आहे."

"मग विश्रांती संपवा ना तिची."

"कशी संपवू? तुमचा आजचा वापर आता पायाभूत वापर म्हणून निश्चित झालाय. लिफ्ट चालली की तो वाढणार, वाढला की ती गळती, गळती सापडली की इमारत अकार्यक्षम. शिवाय एकतीस इमारतींनी तुमच्यापासून प्रेरणा घेतलीय."

"प्रेरणा म्हणजे?"

"त्यांनीही लिफ्ट बंद केल्यात. आम्ही त्याला घाटकोपर पॅटर्न म्हणतो."

सहदेवांचा जीव कळवळला. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी शेवंतीची हकीकत सांगितली. माणूस आहे, पाझर फुटेल, असा त्यांचा हिशोब. पाझर फुटला, पण भलत्याच दिशेला.

"अकरा महिने?" सबनीसांनी पेन उघडलं. "एकदाही नाही उतरल्या?"

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. सौ. शेवंती सहदेव पराडकर यांना राज्यातील पहिल्या 'शून्य-संचार लाभार्थी' घोषित करण्यात येत असून, रविवारी सकाळी त्यांच्या राहत्या घरी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते सत्कार होईल. पाठोपाठ पवईहून कक्षाची सल्लागार गंधाली धापा टाकत सात मजले चढून आली आणि पंख्याखाली बसून तिने विचारलं, "काकू, पृथ्वीसाठी एवढं योगदान देताना काय वाटतं?"

"योगदान खयचा गो बाय? माजे गुडघे गेलेत."

गंधालीने रकान्यात लिहिलं: स्वेच्छेने.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की प्रमुख पाहुणे सात मजले चढू शकत नाहीत. त्यांच्या हृदयाचा प्रश्न होता. चौदा महिने न मिळणारा लिफ्टचा भाग एका दुपारी मिळाला, बसवला गेला, आणि कागद आला: 'सत्कारार्थ एक फेरी (जाणे व येणे मिळून) मंजूर. सदर फेरी वापरात धरू नये. प्रशिक्षित लिफ्टमन अनिवार्य.' प्रशिक्षित लिफ्टमन इमारतीतच होता.

सहदेवांनी रात्री बेत रचला. "उतारताना तू पण आत शिर. खाली जावई रिक्षा घेवन उभो आसतलो."

रविवारी शेवंती पहाटेपासून मोरपिशी साडी नेसून बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत झबलं-टोपडं. पाहुणे आले, बचतीवर बावीस मिनिटं बोलले. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि एक एलईडी बल्ब तिच्या हाती देऊन फोटो काढले. मग सगळे लिफ्टकडे निघाले. पाहुणे, त्यांचे स्वीय सहायक, फोटोग्राफर, सबनीस, गंधाली आणि बटणाशी सहदेव. त्यांच्या मागोमाग भिंत धरत धरत शेवंती आत शिरली.

लिफ्ट केकाटायला लागली. आत पाटी होती: सहा व्यक्ती.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळे दारावरच्या आकड्याकडे बघत राहिले, जणू आकडाच उतरणार होता.

"मी जिन्याने येतो," सहदेवांनी एक पाय बाहेर टाकला.

"लिफ्टमनशिवाय लिफ्ट नियमात बसत नाही," सबनीस समजुतीच्या स्वरात म्हणाले. "आणि पराडकर, लाभार्थीच खाली उतरल्या, तर आपण सत्कार कशाचा केला?"

"मग तिच्यासाठी परत येतो."

"मंजुरी एकाच फेरीची आहे हो."

पाहुण्यांनी शेवंतीला आदराने नमस्कार केला. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "तुमी जावा. बारशाक उशीर होतलो."

ती बाहेर झाली आणि लिफ्ट गप्प बसली. बावीस वर्षांच्या सवयीने सहदेवांच्या हाताने बटण दाबलं. त्यांना त्या हाताची लाज वाटली. खाली पोचल्यावर सबनीसांनी फ्यूज काढून खिशात टाकला.

पाळणा शेवंतीने फोनवरून म्हटला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोटो सगळीकडे फिरला. अंगावर शाल, हातात बल्ब, खाली ओळ: 'पृथ्वीसाठी थांबलेली आजी'. हजारो ग्रुपांवर लोकांनी हात जोडले. आपणही तो पुढे पाठवलाच असेल. लिफ्टमधून खाली उतरता उतरता तेवढा वेळ मिळतोच.