सोयाबीनच्या मुजऱ्याची हकीकत

श्रीभूमिदेवता समर्थ. ऐकणारांनी चित्त शांत ठेवावे, सांगणाराचे राहिले नाही. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, आषाढ शुद्ध पंचमीचे दिवशी राज्यात उरलेले सोयाबीनचे सारे बियाणे म्हाळसाबाई गाडे यांणी राजवाड्यामागील शेतात पेरिले. हे साधले तरच पुढील साली रयतेस बी, नाही तर हात चोळीत बसणे. मग सहावे दिवशी माती फुगली, भेगाळली, आणि कोंब वर आले ते मान खाली घालून. महाराज पाहावयास आले आणि बहुत संतोष पावले, की राज्यात निदान एक प्रजा तरी न सांगता मुजरा करिते. चोपदारांचे नाईक जिवबाराव यांणी लागलीच होय म्हटले. त्यांस दुसरे काही येत नाही. मग सातवे दिवशी ऊन पडिले आणि कोंबांनी माना सरळ केल्या, दोन जाड दळे उघडिली आणि महाराजांसमोर ताठ उभे राहिले. महाराजांस क्रोध आला. बाईंनी हात जोडून सांगितले, की हे याचे वाढणेच आहे, आता या दळांतले अन्न खाऊन पाने फुटतील. पण ऐकतो कोण! जिवबारावांनी पन्नास चोपदार शेतात घातले आणि एकेका रोपाची मान धरून वाकविली. कोवळी काडी ती, दळांखाली कटकन मोडली, आणि तेथे मोडलेले पुन्हा फुटत नाही, हे पेरणाऱ्या कोणासही पुसावे. कोणी पुसले नाही. आम्ही कपाळावर हात मारून घेतला. सायंकाळपावेतो अवघे शेत आडवे जाहले. पाटाकडील चिखलात मात्र जोडे भरतील म्हणोन चोपदार उतरले नाहीत, तेथील अकरा रोपे उभी राहिली. महाराजांनी विचारिले, की ही का सोडिली? तेव्हा बाई बोलिल्या, "महाराज, मान वाकवून आली ती माती फोडायला. मुजरा तुम्ही समजलात. आता एवढंच बी आहे राज्यात. वाकवायचं तर चिखलात या नि आपल्या हातानं वाकवा."

महाराजांनी चिखल पाहिला, आपले जोडे पाहिले आणि माघारी परतले. मग आम्हांस हुकूम जाहला, की पीक पाखरांनी खाल्ले ऐसे लिहावे.

सारांश, पीक पाखरांनी खाल्ले. म्हाळसाबाई त्या अकरा रोपांपाशी बसून पाखरे हाकीत आहेत, आणि जिवबाराव तिकडून जाऊ लागले तर त्यांसही हाकितात.