निंबा आप्पांची उलटी धार

निंबा आप्पांनी कापलेली पपई शंभर पपयांत ओळखू येते. फोडीचं एक टोक बोटाएवढं जाड, दुसरं कागदासारखं. आमच्या म्हसावदला शेतात पपई, ट्रकमध्ये पपई, घरात पपई. इथं शेंबडं पोरसुद्धा ती डोळे मिटून सरळ कापतं. आप्पा तर सरकारी रोपवाटिकेत जन्मभर आंब्याची कलमं केलेला माणूस. तरी बारसं असो की दशक्रिया, फळांची परात दिसली की आप्पा खिशातून आपला घडीचा चाकू काढणार, परात पुढ्यात ओढणार आणि तासाभरात तिची नासधूस करून उठणार. कुणी म्हणालं, आप्पा, विळीवर पटकन होईल, तर मान वर न करता उत्तर यायचं, "सावकाश. झाड पयी जात नही." झाड पळून जात नाही हे खरं, पण पाहुणे जातात, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

मी त्यांचा शेजारी आणि गणिताचा मास्तर. स्वभावानं मी आधीपासूनच निराश. परीक्षेआधी मला निकाल दिसतो आणि तो खराच ठरतो. दिवसभर फळ्यावर समान भाग पाडायचे आणि संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर बसून त्यांनी कापलेला वाकडा पेरू खायचा, हे माझ्या नशिबी बारा वर्षं होतं. जाड तुकडा नेहमी मला मिळायचा, हेही कबूल केलं पाहिजे.

चाकू काही दिसायला देखणा नव्हता. काळपट पातं, सागाची मूठ, मुठीला भोक पाडून ओवलेली सुतळी आणि ती सुतळी सदऱ्याच्या काजाला बांधलेली. दर दहा पावलांवर आप्पा खिसा चाचपायचे. एकदा तापीकाठच्या प्रकाशा गावी देवदर्शनाला निघालो असताना त्यांनी चालत्या एसटीत खिसा चाचपला, तो रिकामा लागला, आणि त्यांनी असा काही गलका केला की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. चाकू त्यांच्या दुसऱ्या हातात होता. कंडक्टर जे बोलला ते मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्याच्या कलमांवर मात्र त्यांची नजर गिधाडाची. कुणाच्याही वाडीत शिरायचं, नव्या आंब्यापाशी उकिडवं बसायचं आणि मालकाच्या तोंडावर सांगायचं, "हाई कलम नही, मलमपट्टी शे." मग तुम्हीच एक करून दाखवा म्हटलं, की आप्पा हंगाम नाही म्हणून उठायचे. भर श्रावणात, ऐन कलमांच्या दिवसांत, हंगाम नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एकही कलम केलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, थोरामोठ्यांचे नखरे असतात, तसाच हा एक.

मग त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशनला नंदुरबारला जायची वेळ आली. दवाखान्यात चाकू नेऊ देणार नाहीत, हे ऐकून त्यांनी ऑपरेशनच नको म्हणून पाहिलं. शेवटी सुतळी सोडून चाकू माझ्या हातात दिला. "तीन दिन. उघाडू नको."

मी त्याच संध्याकाळी उघडला.

पातं बोथट होतं. नखावरून सरकत जायचं. मला दया आली आणि दया आली की माझ्या हातून हमखास काहीतरी वाईट घडतं. म्हटलं, म्हातारा डोळा घेऊन येईल तेव्हा त्याला लखलखीत धार दाखवू. दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता. सायकलला चाक जोडलेला धारवाला नेहमीच्या लिंबाखाली बसला होता. त्यानं पातं उन्हात धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, हाई धारच उलटी शे."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. कलमाच्या चाकूचं पातं एका बाजूनं सपाट असतं आणि दुसऱ्या बाजूनं उतरतं. या चाकूचा उतार भलत्याच बाजूला होता. असा चाकू उजव्या हातात धरला की तो वाट सोडून आत घुसतो आणि काप वाकडा जातो. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. बारा वर्षांच्या वाकड्या फोडींचं गणित सुटलं होतं. मी त्याला सांगितलं, बाबा, सरळ कर. चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या, दहा मिनिटांत काम झालं. घरी येऊन मी पेरूचे आठ भाग केले, आठही सारखे. बायकोनं चकित होऊन आणखी दोन पेरू आणून दिले.

आप्पा काळा चष्मा लावून परत आले. मी चाकू दिला आणि फुशारकीनं सगळं सांगितलं. त्यांनी पातं उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, धारेवरून अंगठा फिरवला. पातं उलटं करून दुसऱ्या बाजूनंही फिरवला. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. त्यांनी चाकू मिटला. "कोनी सांगं तुले?" एवढंच विचारलं आणि उत्तराला न थांबता घरात गेले. सुतळी काजाला बांधली नव्हती, ती खाली लोंबत होती.

त्या दिवसापासून ओटा रिकामा. आप्पा दारात दिसायचे नाहीत, दिसले तर बोलायचे नाहीत. समोरच्या घरी बारसं झालं. परात आली, आणि आप्पा मांडीवर हात ठेवून बसून राहिले. दुसऱ्याच कुणी विळीवर पाच मिनिटांत पपई कापली. फोडी एकसारख्या. लोक खूश होते, आणि मी माझी फोड तशीच ताटलीत ठेवून उठलो. काय बिघडलंय ते कळत नव्हतं, पण ते मी बिघडवलंय आणि ते सुधारणार नाही, याची मला खात्री होती. अशा बाबतीत माझा अंदाज सहसा चुकत नाही.

आठ दिवसांनी राहवलं नाही. मागच्या दारानं त्यांच्या अंगणात गेलो. आप्पा कुरुंदाच्या दगडावर वाकून पातं घासत होते. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. डॉक्टरनं वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्याची मी आठवण दिली. ते घासतच राहिले. मी हौदावरचा तांब्या भरून आणला आणि दगडावर थेंब थेंब पाणी सोडत बसलो. त्यांनी मला हाकललं नाही.

चार दिवस हे चाललं. शाळा सुटली की मी पाणी सोडायला जायचो. नवा उतार घासून सपाट करायचा, सपाट बाजूला पुन्हा उतार पाडायचा, म्हणजे धारवाल्यानं जे केलं ते सगळं उलटं फिरवायचं. दगडावरून काळा गाळ वाहायचा आणि पातं रोज थोडं अरुंद व्हायचं. मी मनात हिशेब मांडला: असंच चाललं तर रविवारपर्यंत नुसती मूठ उरेल. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी आप्पांनी पातं पंच्याला पुसलं, पेरू घेतला आणि चाकू डाव्या हातात धरला. पेरू घसरला, अंगठ्याला चीर पडली. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही उजवे आहात.

"मी उजवाच शे," आप्पा म्हणाले. "चाकू दित्याना शे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दित्या हा धडगावकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी, रोपवाटिकेत रोजंदारीवर. डावखुरा. कलमाच्या कामाला दोन माणसं बसायची, एक कापणारा आणि एक बांधणारा. "कापे तो. मी निस्ता बांधू." कागदावर नाव आप्पांचं, कारण आप्पा कायम नोकरीत. साहेब यायचे, कलम बघायचे आणि आप्पांची पाठ थोपटायचे. दित्या बाजूला बसून हसायचा आणि कलमाची पुढची काडी तासायला घ्यायचा. झाड पळून जात नाही, हे बोलही मूळचे त्याचेच. मग आप्पा निवृत्त व्हायच्या वर्षीच रोजंदारी बंद झाली. तो बायकोला घेऊन नवापूरच्या पलीकडं, गुजरातेत ऊसतोडीला गेला. जाताना चाकू आप्पांपाशी ठेवला. उसाला कोयता लागतो, चाकू तिकडं हरवेल, परत आलो की दे, म्हणाला.

पावसाळा आला तरी तो परतला नाही. आप्पा दोन गाड्या बदलून, पुढं पायी त्याच्या पाड्यावर गेले. तिथं कळलं की तो तापानं तिकडंच गेला. त्यानंतर आप्पांनी कलम केलं नाही. बांधणारा एकटा काय करणार.

"तो येवाव नही, हाई माले माहीत शे," आप्पा म्हणाले. "पन धार त्याना हातनी व्हती. इतला साल मी तिले दगड लावा नही. बोथी व्हयनी, व्हऊ दिनी."

त्या माणसाच्या हातचं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते मी बाजारात लिंबाखाली दहा मिनिटांत उडवून टाकलं होतं. धारवाला चुकला नव्हता. सांगितलं ते काम त्यानं चोख केलं होतं. मलाच रडू आलं, आणि या वयात शेजाऱ्याच्या अंगणात रडताना लाज वाटते, तीही वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आप्पा, आता धार पहिल्यासारखी झाली की. त्यांनी पातं चांगल्या डोळ्यासमोर धरून बराच वेळ पाहिलं.

"तशी दिसस," ते म्हणाले. "तशी नही शे."

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. अंगणात आंब्याची रोपं लावलेल्या सहा पिशव्या मांडल्या होत्या. आप्पांनी डाव्या हातात चाकू धरला, काडी तासली, रोपाचा शेंडा छाटून चिरला. काडीची पाचर वाकडी झाली होती. ती कशीबशी चिरेत बसवली आणि प्लास्टिकची पट्टी माझ्यापुढं टाकली. "बांध."

मी बांधली. त्यांनी पाहिलं आणि मलमपट्टी म्हणाले, म्हणजे निदान बोलायला लागले होते. पंधरा दिवसांत ती काडी वाळली. दुसरी वाळली. तिसरीचं मी आधीच सांगितलं होतं, तीही वाळली, मग चौथी आणि पाचवी. आप्पांचा उजवा अंगठा चिंध्यांनी भरला. एकही लागणार नाही, हे मला पहिल्या दिवशी दिसत होतं आणि बहुधा त्यांनाही दिसत होतं.

काल त्यांनी सहावी पिशवी ओढली. डाव्या हातानं काडी तासली, शेंडा चिरला, पाचर बसवली. चाकू खाली ठेवला आणि बांधणाऱ्याच्या जुन्या सवयीनं उजवा हात पट्टी घ्यायला पुढं केला. पट्टी माझ्याकडं होती. तो हात थोडा वेळ तसाच राहिला. मग आप्पांनी तो मागं घेतला, दोन बोटांनी काडी धरून ठेवली आणि मी बांधायची वाट बघत बसले.